फंड वेगळा, ग्रॅच्युइटी वेगळी

आंबिवली-मोहने पट्ट्यात नोकरीचा विषय निघाला की 'फंड-ग्रॅज्युटी' ओघानं येतेच. शेजारपाजारच्या कामगारांचे अर्ज लिहून देताना मनाशी पक्क्या झालेल्या या काही गोष्टी.

१. ग्रॅच्युइटी हक्कानं मागावी. लॅटिन 'ग्रॅटस' म्हणजे मनास आलेला, कृतज्ञ. त्यावरून आलेल्या या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ खुशीनं दिलेली रक्कम. तिकडे वेटरची टीपही ग्रॅच्युइटीच. आपल्याकडेही ती बरीच वर्षं मालकाच्या मर्जीवर नाहीतर युनियनच्या करारावर अवलंबून होती. केरळनं १९७० साली कायदा केला, पश्चिम बंगालनं १९७१ साली, आणि १६ सप्टेंबर १९७२ पासून केंद्राचा कायदा लागू झाला. तेव्हापासून मर्जीचा प्रश्न मिटला. तरीही माणसं 'साहेब, बघा ना काहीतरी' म्हणत टेबलापुढे उभी राहतात, याचं मला फार वाईट वाटतं. लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी.

२. फंडासाठी, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडासाठी, आपल्या पगारातूनही कापतात. ग्रॅच्युइटी पूर्णपणे मालकानं द्यायची.

३. हिशोब स्वतः करून जावं. शेवटचं बेसिक आणि महागाई भत्ता मिळून २६,००० धरा. महिन्याचे कामाचे दिवस २६, म्हणजे रोज १,०००. वर्षाला १५ दिवसांचे १५,०००. नोकरी २२ वर्षं ७ महिने असेल तर २३ वर्षं धरायची, कारण सहा महिन्यांच्या वर गेलं की पुढचं वर्ष पूर्ण मानतात. झाले ३,४५,०००. हिशोबाच्या कागदावर २२ लिहिलेलं दिसलं तर सही करण्याआधी विचारावं; तिथेच १५,००० जातात. कायद्यानं कमाल मर्यादा २० लाख.

४. पाच वर्षं सलग नोकरी लागते, पण कामगार वारला किंवा कायमचा अपंग झाला तर ही अट नाही. हे घरच्यांना बहुधा माहीतच नसतं. १९७२च्या कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. ठरावीक मुदतीच्या करारावर थेट नेमलेल्यांना आता एका वर्षानंतरही हक्क आहे.

५. कागद जपावेत. एका वहिनींनी नवऱ्याची प्लास्टिकची पिशवी माझ्यापुढे उपडी केली: गेटपास, ईएसआयचं कार्ड, घडीवर फाटलेल्या पगाराच्या स्लिपा. रुजू झाल्याची तारीख गेटपासवर सापडली आणि काम पुढे सरकलं. नॉमिनेशन मात्र लग्नाआधीचं, दिराच्या नावाचं. वारसाच्या कागदांसाठी त्यांना खेटे घालावे लागले. लग्न झालं की त्याच महिन्यात नॉमिनेशन नव्यानं भरावं, एवढं तरी प्रत्येकानं करावं.

६. मोहन्याची एनआरसी कंपनी २००९ साली बंद पडली आणि हजारो कामगारांची देणी वर्षानुवर्षं अडकली. कंपनी चालू असताना ३० दिवसांत पैसे देण्याची सक्ती आणि उशिरावरचं व्याज कामी येतं. दाद कामगार खात्याच्या अधिकाऱ्याकडे मागता येते. कंपनीच बुडाली की वाट लांबते. म्हणून पगार पुढेमागे व्हायला लागले की लगेच सगळ्या स्लिपांच्या झेरॉक्स काढायला सांगतो.

७. कुणाचं कर्ज थकलं असलं तरी कोर्टाच्या हुकमानंही ग्रॅच्युइटीवर जप्ती आणता येत नाही. सावकार दारात बसला असेल तर त्याला हे सांगायला मी सोबत जातो.