बाख आणि पियानोचा डावा हात

प्रश्न : मी भजनी मंडळात पेटी वाजवतो, मुलगी पियानो शिकते. तिच्या शिक्षकांच्या तोंडी सारखं बाखचं नाव असतं. पण बाख तर पियानोच्या आधीचा ना? मग पियानोच्या संगीतावर त्याची एवढी छाप कशी? – एक वाचक, जामुल (भिलाई)

उत्तर : अगदी आधीचा नव्हे. इटलीत क्रिस्टोफोरीने १७००च्या सुमारास पियानो घडवला आणि १७४७मध्ये पॉट्सडॅमच्या राजवाड्यात बाखने तो वाजवलाही. त्याचं लेखन मात्र मुख्यतः हार्प्सिकॉर्ड, क्लॅव्हिकॉर्ड आणि ऑर्गनसाठी.

तुम्ही एकच अभंग ‘काळी एक’मधूनही वाजवता, ‘पांढरी चार’मधूनही. बाखच्या काळच्या जुन्या जुळवणीत मात्र काही पट्ट्या गोड लागत, काही कर्कश. बाराही पट्ट्या सुरेल लागतील अशी जुळवणी गृहीत धरून बाखने १७२२मध्ये प्रत्येक पट्टीत मेजर आणि मायनर अशा प्रील्यूड-फ्यूगच्या (आधी छोटी प्रास्ताविक रचना, मग एकच ओळ अनेक आवाजांत फिरवणारी) २४ जोड्या लिहिल्या. वीसेक वर्षांनी आणखी २४. हे संग्रह कितीतरी वर्षं हस्तलिखित प्रतींतूनच फिरले. बॉनमध्ये शिक्षक नेफेने लहानग्या बेटोफनला शिकवलं ते यांवरच.

पहिला प्रील्यूड ‘पांढरी एक’चा आहे : सा ग प सां गं, प सां गं. पहिले दोन स्वर डाव्या हाताचे, बाकीचे उजव्याचे. हीच गुंफण जवळजवळ शेवटपर्यंत चालते, बदलतात ते स्वर. आता शोपँचा पहिला एट्यूड, म्हणजे सरावाची रचना, ऐका (ओपस १०). पट्टी तीच, सुटे केलेले स्वरही तसेच, फक्त उजवा हात कित्येक सप्तकं चढतो-उतरतो. मैफलीपूर्वी शोपँ स्वतःचं सोडून बाख वाजवत बसे. बाखसारखेच प्रत्येक पट्टीत फिरणारे त्याचे २४ प्रील्यूड १८३९चे. शोस्ताकोविचने १९५०-५१मध्ये पुन्हा २४ प्रील्यूड-फ्यूग लिहिले.

पण माझ्या मते बाखचं खरं देणं म्हणजे डावा हात. भजनात बुवांची ओळ टाळकरी उचलतात, तेव्हा बुवा थांबतात. फ्यूगमध्ये दुसरा आवाज तीच ओळ पंचमावरून उचलतो आणि पहिला न थांबता वेगळंच काही गात राहतो. त्यामुळे डाव्या हाताला नुसती साथ करून भागत नाही, त्यालाही गावं लागतं. तुमच्या पेटीवर तो भात्यात अडकलेला, म्हणून फ्यूग तिथे पुरा बसणार नाही. मुलीला एखाद्या फ्यूगचा फक्त डावा हात वाजवायला सांगा. साथीच्या जागी पूर्ण चाल ऐकू येईल.