सिट्रोनेला तेल : उपयोग आणि मर्यादा

पावसाळा लागला की माता मला हमखास विचारतात, "बाळाला सिट्रोनेलाचे तेल लावू का? ते नैसर्गिकच ना?"

सिट्रोनेला हे आपल्या गवती चहाच्या कुळातील गवत. त्याच्या पात्यांपासून वाफेच्या साहाय्याने काढलेल्या तेलात सिट्रोनेलाल, जिरॅनिऑल व सिट्रोनेलॉल ही मुख्य द्रव्ये असतात. साबण आणि अत्तरे यांत त्याचा सुगंध उपयोगी पडतो. या गंधामुळे डासाला माणसाचा माग काढणे कठीण जाते. परंतु तेल लवकर उडून जाते; त्वचेवरील संरक्षण बहुधा एक-दोन तासच टिकते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास तर दिवसा चावतो. शाळेत निघताना लावलेले तेल शाळा सुटेपर्यंत पुरत नाही.

शिवाय नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे. शुद्ध तेल थेट त्वचेवर लावल्यास दाह होऊ शकतो. मुलांच्या हातांना, डोळ्यांभोवती व तोंडाजवळ ते लावू नये. मुलाने चुकून तेल प्यायल्यास उलटी करवू नये. ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. त्वरित रुग्णालय गाठावे.

तान्ह्या बाळासाठी माझा सल्ला एकच : मच्छरदाणी, आणि तीही दिवसा झोपेतसुद्धा. मोठ्या मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आपल्या इंदुरातील घरोघरचे कूलर आणि कुंड्यांखालच्या बशा दर आठवड्याला रिकाम्या करून घासाव्यात. सिट्रोनेलाला सोबतीला अवश्य घ्यावे, पण बाळाची राखण त्याच्यावर सोपवू नये.