शहराचा नकाशा आणि आपलें शेत

गोंदिया हें रेल्वेच्या जंक्शनामुळें व भाताच्या गिरण्यांमुळें वाढलेलें शहर. त्याची वस्ती आतां फुलचूर, कुडवा, कटंगीकडील बांध्यांस येऊन भिडली आहे. त्या बाजूचे पुष्कळ शेतकरी बंधु सातबारा निर्वेध पाहून निश्चिंत राहतात. आम्हीं महसुली दप्तरांत उभी हयात घालविली. म्हणून स्पष्ट सांगतों कीं, सातबारा कबजेदार व पीक दाखवितो, त्या जागेवर पुढें काय व्हावयाचें तें दाखवीत नाहीं. तें महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वयें केलेल्या नकाशांत असतें. पिवळा रंग राहण्याच्या वस्तीचा, हिरवा शेतीचा. आणि एखाद्या गटावर रस्ता, शाळा वा बाग ह्यांचें आरक्षण.

प्रारूप नकाशा प्रसिद्ध होतो, तीच खरी वेळ. दिलेल्या मुदतींत गट नंबर घालून लेखी हरकत द्यावी, पोंच घ्यावी व सुनावणीस स्वतः जावें. पारावर केलेली तक्रार दप्तरीं येत नाहीं!

आरक्षण कायम झालें तरी मार्ग खुंटत नाहीं. अंतिम योजना अमलांत आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली गेली नाहीं, तर मालकीच्या कागदांसह कलम १२७ ची नोटीस बजावतां येते. त्यानंतर २४ महिन्यांत (२०१५ पूर्वीं ही मुदत कमी होती) संपादनाचीं पावलें न उचलल्यास आरक्षण रद्द होतें. पण इतकी वर्षें थांबणें गरजू माणसास जड जातें, आणि गिऱ्हाईक हें ओळखून भाव पाडतो. म्हणून बयाणा घेण्यापूर्वीं झोन दाखला व भाग नकाशा काढावा.