खुले सॉफ्टवेअर : सहभाग आणि जबाबदारी

संगणकाने काय करावयाचे याच्या लेखी आज्ञा म्हणजे सॉफ्टवेअर. अनेक कंपन्या या आज्ञांचा मूळ मजकूर गुप्त ठेवतात. जो मजकूर कोणालाही वाचता, बदलता व वाटता येतो, ते खुले सॉफ्टवेअर होय. ते कसे घडते, हे लिनक्सच्या उदाहरणावरून पाहू.

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सची पहिली आवृत्ती सर्वांना दिली. १९९२ मध्ये तिला जीपीएल हा परवाना लावला. बदल करून वाटणाऱ्याने आपला मजकूरही खुला ठेवावा, ही त्याची मुख्य अट. अनेकांचे हात लागून मार्च १९९४ मध्ये १.० ही आवृत्ती निघाली.

यात सहभागी होण्यास पदवीची अट नाही. आधी मूळ मजकूर वाचावा. एखादा दोष शोधावा. एका वेळी एकच लहान बदल करावा, त्याचे कारण लिहावे आणि तो विभाग सांभाळणाऱ्याकडे ई-मेलने पाठवावा. हे काम देण्याचा आपणास हक्क आहे, अशी ग्वाही म्हणून खाली आपले नाव लिहावे लागते. पुष्कळदा बदल परत येतो. त्यात अपमान नाही. सुधारून पुन्हा पाठवावा. आम्हा बँक कर्मचाऱ्यांना हे परिचयाचे आहे. व्हाउचर एकाने तयार करावे, दुसऱ्याने तपासून पास करावे.

नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते. पहिले दोन आठवडे नवे बदल घेतात. नंतर चाचणी आवृत्त्या काढून फक्त दोष दुरुस्त करतात. उशिरा आलेले नवे काम, कितीही चांगले असले तरी, पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबते.

तपासणी कमी पडली तर काय होते? एक्सझेड या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये, सुमारे दोन वर्षे काम करून विश्वास मिळविलेल्या सहभागीच्या नावाने चोरवाट ठेवली गेली. मार्च २०२४ मध्ये ती उघडकीस आली. दूरच्या संगणकात प्रवेश करण्यास सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्यावरून एका तज्ज्ञाने ती शोधली. मूळ सांभाळणारा मात्र जवळजवळ एकटाच होता.

म्हणून केवळ मजकूर खुला असणे पुरेसे नाही. तो वाचणारे डोळे हवेत. प्रोग्रॅम लिहिता येत नसेल, तरी चाचणी घेणे, दोष कळविणे, माहिती सोप्या भाषेत लिहिणे आणि मराठी भाषांतर करणे ही कामे आहेत. आपण फुकट वापरतो ते कोणीतरी राखलेले असते. त्या राखणीत आपलाही वाटा असावा.