झोंबी, वेताळ आणि पाणी : ‘झोंबिवली’तील उपरोधाचा विचार

‘झोंबी’ हा शब्द फळ्यावर लिहिला असता पदव्युत्तर वर्गातील निम्म्या विद्यार्थ्यांना आनंद यादव यांची आत्मचरित्रात्मक कादंबरी आठवते आणि उरलेल्यांना चालती प्रेते. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या त्या कादंबरीच्या नावातील झोंबी म्हणजे कुस्तीतली झटापट. हैतीमधून अमेरिकेमार्गे आलेल्या झोंबीशी तिचे व्युत्पत्तीचे काही नाते नाही. तथापि मराठी कानाला हा परका शब्द परका वाटत नाही, याचे कारण ‘झोंबणे’ हे क्रियापद आहे. माणूस अंगाशी झोंबतो, मिरची झोंबते आणि उपरोधही झोंबतो. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या अर्थाने, आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’ (२६ जानेवारी २०२२) या चित्रपटाचा विचार करावयाचा आहे.

झोंबी ही कल्पना जन्मतःच सामाजिक आहे. १९१५ ते १९३४ या काळात हैती अमेरिकी लष्कराच्या ताब्यात होते. त्याच काळात विल्यम सीब्रूक याचे ‘द मॅजिक आयलंड’ (१९२९) हे पुस्तक आणि पाठोपाठ ‘व्हाइट झोंबी’ (१९३२) हा चित्रपट आला. त्यात साखरेच्या गिरणीत रात्रंदिवस राबणारी प्रेते दिसतात. त्यांना मजुरी नाही, तक्रार नाही, झोप नाही. ऊसतोडणीच्या मुलखातील वाचकाला या दृश्याचा अर्थ उलगडून सांगावा लागू नये. पुढे जॉर्ज रोमेरो याने ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) मध्ये मांत्रिकाला रजा दिली आणि ‘डॉन ऑफ द डेड’ (१९७८) मध्ये प्रेतांना खरेदीच्या संकुलात आणून सोडले. राबणाऱ्या मजुराच्या जागी भुकेला ग्राहक आला. झोंबी कोणाला करावयाचे, या निवडीतच दिग्दर्शकाची सामाजिक भूमिका प्रकट होते, असे म्हणावे लागेल.

आपल्याकडील भूत मात्र बोलके आहे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८३० साली मराठीत आणलेल्या ‘वेताळ पंचविशी’तील प्रेत विक्रमाच्या खांद्यावर बसून न्यायाचे प्रश्न विचारते. मुंज्याला सोडमुंजीपूर्वी आलेल्या मरणाचे दुःख आहे, हडळीला बाळंतपणातील मृत्यूचे. खानदेशात कानबाईच्या उत्सवात किंवा खंडोबाच्या जागरणात कोणाच्या अंगात आले, की भोवतालची माणसे प्रथम विचारतात : कोण आहेस, काय पाहिजे? तेव्हा आपले भूत ही एक नाव असलेली तक्रार असते आणि तिच्याशी वाटाघाट होऊ शकते. झोंबीला नाव नाही, वाचा नाही, मागणी नाही. ‘झोंबिवली’तील ‘अंगात आलंया’ हे गाणे या दोन कल्पनांना एकत्र बांधू पाहते. गंमत म्हणून ते खपून जाते. कल्पना म्हणून पाहता सांधा जुळत नाही. अंगात आलेला बोलतो, झोंबी चावतो.

चित्रपटाचे स्थळ मात्र अचूक निवडलेले आहे. डोंबिवली ही मराठी मध्यमवर्गाची स्वतःविषयीची आवडती प्रतिमा. २०१७ चे नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले. त्याच डोंबिवलीत २०१४ साली हिरवा पाऊस पडला आणि २०२० साली औद्योगिक वसाहतीतला रस्ता गुलाबी झाला. वास्तवानेच एवढी अद्भुतता पुरवल्यावर भयपटाला फारशी अतिशयोक्ती करावी लागत नाही. सुधीर हा अभियंता गरोदर पत्नी सीमा हिच्यासह उंच इमारतीत राहावयास येतो. शेजारी जनतानगर ही वस्ती आहे आणि तेथे हक्काच्या पाण्यासाठी भांडणारा विश्वास आहे. इमारतीला पाणी आहे, वस्तीला नाही. भयाचा उगम स्मशानात न ठेवता पाण्याच्या वाटपात आणि व्यापारात ठेवणे, हे या चित्रपटाचे खरे स्वत्व होय. नळाला किती दिवसांआड पाणी येणार हे कॅलेंडरवर लिहून ठेवणाऱ्या धुळे-जळगावच्या गृहिणीला हा विनोद अमेय वाघ यांच्या अभिनयाशिवायही कळला असता.

परंतु येथेच प्रश्न उद्भवतो. कॅमेरा कोठे उभा आहे? बहुतांशी तो इमारतीतील दांपत्याजवळ आहे. पोटातल्या बाळाचे काय होईल, ही प्रेक्षकाची काळजी. जे तहानलेले तेच जर आक्राळविक्राळ गर्दी होऊन अंगावर येणार असतील, तर उपरोध कोणाला झोंबावयाचा? विश्वासचे पात्र (ललित प्रभाकर यांनी ते जोरकसपणे उभे केले आहे) ही उणीव अंशतः भरून काढते. एक बोलणारा माणूस तेथे आहे, त्याला मागणी आहे. पण तो एकटा आहे आणि नायकाच्या साच्यातला आहे. उत्तरार्ध बचावाच्या धावपळीत जातो आणि पाणी सोडण्याची चावी कोणाच्या हाती, हा मूळ मुद्दा मागे पडतो.

पांझरेच्या खोऱ्यातील फड पद्धती ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही त्रुटी अधिक जाणवेल. तेथे बंधाऱ्याचे पाणी पाटाने फडाफडांत फिरते, पाटकरी पाळी सांभाळतो आणि टंचाई आली तर ती सर्वांनी मिळून सोसावयाची असते. पाण्याचे वाटप ही शौर्याची नव्हे, पाळीची गोष्ट आहे. चित्रपटाला पाळी दाखवता येत नाही, हाणामारी दाखवता येते. ही माध्यमाची मर्यादा की आपल्या कल्पनाशक्तीची, हे ठरविणे अवघड आहे.

सरपोतदार यांनीच पुढे ‘मुंज्या’ (२०२४) केला आणि तो झोंबीकडून पुन्हा पिंपळाकडे, नाव आणि हट्ट असलेल्या भुताकडे वळला. ‘झोंबिवली’त मात्र वेताळाचा प्रश्न प्रेताच्या तोंडी आलाच नाही. इमारतीच्या दाराशी जमलेल्या त्या गर्दीतल्या एकाने जरी थांबून विचारले असते, की आमचे पाणी कोठे गेले, तर आत कुलूप लावून बसलेल्यांपैकी कोणाला उत्तर देता आले असते?