बीजकाची भाषा कोणी ठरवायची?

बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड येथे हिंदुस्तान कॉपर या सरकारी कंपनीची तांब्याची खाण आहे. तेथील कॉन्सन्ट्रेट ट्रकांत भरून बाहेर जाते. सामान्य माणूस मालाकडे पाहतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मालाबरोबरच्या बीजकाकडे पाहावे. वजन, दर, कर, खरेदीदाराचा क्रमांक हा मजकूर आज एक संगणक दुसऱ्या संगणकाला कळवतो. परंतु एकाने लिहिलेला 'टन' दुसऱ्याने टनच वाचावा, हे कोणी ठरवले? या प्रश्नावर जी स्पर्धा झाली तिच्यातूनच वेब सर्व्हिसेसना आजचे रूप आले, असे मला वाटते. वेब सर्व्हिस म्हणजे मध्ये माणूस न बसवता एका संगणकावरील प्रोग्रामने इंटरनेटद्वारा दुसऱ्याकडून काम करून घेणे.

इंटरनेटचा प्रसार होण्यापूर्वीच मोठ्या कंपन्या संगणकाने ऑर्डर आणि बीजके पाठवीत असत. अमेरिकेत १९७९ साली एक्स-१२ समिती नेमली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने एडिफॅक्ट आले व १९८७ साली ते आयएसओ ९७३५ या क्रमांकाने मान्य झाले. पहिल्यात बीजकाचे नाव '८१०', दुसऱ्यात 'इन्व्हॉइक'. एकच व्यवहार, दोन भाषा! शिवाय प्रत्येक मोठा खरेदीदार आपली पोटभाषा पुरवठादारावर लादी. दहा व्यापाऱ्यांनी दहा नमुने वापरले तर परस्परांत पंचेचाळीस जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीसाठी भाषांतराची सोय करावी लागते. तिचा खर्च बहुधा दुबळ्या पक्षाच्याच माथी येतो.

१९९८ साली एक्सएमएल आले. आता भांडण मिटेल असे पुष्कळांना वाटले. झाले उलटेच. टॅग तयार करणे सोपे, म्हणून ज्याने त्याने आपापले टॅग केले. मायक्रोसॉफ्टचे बिझटॉक, अरिबाचे सीएक्सएमएल, कॉमर्स वनचे एक्ससीबीएल, इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाचे रोझेटानेट अशी दोनतीन वर्षांतच गर्दी झाली.

या गर्दीतून दोन प्रवाह पुढे आले. नोव्हेंबर १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांची युएन-सीफॅक्ट आणि ओएसिस या संस्थांनी ईबीएक्सएमएलचे काम हाती घेतले. त्यांनी सुरुवात व्यापारापासून केली. कोण कोणाला काय पाठवणार, पोच किती वेळात द्यायची, पोच न आल्यास पुन्हा किती वेळा पाठवायचे, हा करार आधी लिहावा आणि मग संदेश सोडावा. दुसरीकडे मायक्रोसॉफ्ट, आयबीएम आदींनी मे २००० मध्ये सोप डब्ल्यूथ्रीसीकडे सादर केले. त्यांनी सुरुवात प्रोग्रामरच्या सोयीपासून केली. सोप म्हणजे नुसता लखोटा. आत बीजक आहे की हवामानाचा अंदाज, याच्याशी लखोट्याला कर्तव्य नाही.

लखोटा हलका होता म्हणून तो झपाट्याने पसरला. २००१ च्या आरंभी खुद्द ईबीएक्सएमएलनेही आपल्या संदेशासाठी सोपचाच लखोटा स्वीकारला. वरवर पाहता हा पराभव होय. पण थोड्याच दिवसांत सोपवाल्यांना कळून चुकले, की पोच, पुनर्प्रेषण, सही यांवाचून व्यापारी पत्र विश्वासाने जात नाही. मग तीच कलमे त्यांना मागाहून जोडावी लागली. २००४ साली डब्ल्यूएस-सिक्युरिटी प्रमाणित झाले. पोच हमखास मिळावी म्हणून डब्ल्यूएस-रिलायबिलिटी आणि डब्ल्यूएस-रिलायबलमेसेजिंग असे पुन्हा दोन प्रतिस्पर्धी उभे राहिले! वेब सर्व्हिसेसचे पुस्तक पुढे जाडजूड झाले त्याचे एक कारण हे.

युडीडीआयची कथा तर वाणिज्याच्या विद्यार्थ्याने आवर्जून वाचावी. सप्टेंबर २००० मध्ये जाहीर झालेल्या या जागतिक नोंदवहीत पाहून संगणकाने स्वतःच पुरवठादार शोधावा, अशी कल्पना होती. जानेवारी २००६ मध्ये आयबीएम, मायक्रोसॉफ्ट व सॅप यांनी ती सार्वजनिक नोंदवही बंद केली. अनोळखी माणसाशी पत न पाहता कोणी सौदा करीत नाही, हे बाजारपेठेतल्या कोणत्याही अडत्याने आधीच सांगितले असते.

मजकुराची भाषा मात्र ईबीएक्सएमएलच्या वळणाने वाढली. २००४ साली ओएसिसने युबीएल मान्य केले. युरोपचे पेपॉल जाळे त्यावर उभे आहे. एडिफॅक्टमध्ये व्यापारी बीजकाचा संकेतांक ३८० होता, तोच पेपॉलच्या बीजकात आजही आहे. लखोटे बदलले, आतला आकडा टिकला.

आपल्याकडे हा निवाडा बाजाराने केला नाही, सरकारने केला. २० सप्टेंबर २०१९ रोजी गोव्यात भरलेल्या जीएसटी परिषदेच्या ३७ व्या बैठकीत ई-बीजकाचा नमुना मंजूर झाला. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना तो सक्तीचा झाला. हिंदुस्तान कॉपर याच पहिल्या गटातली. १ ऑगस्ट २०२३ पासून मर्यादा ५ कोटींवर आली. येथे सोपही नाही आणि एक्सएमएलही नाही. साध्या जेसनमध्ये मजकूर जातो व नोंदणी होऊन ६४ अक्षरांचा क्रमांक परत येतो. तीस वर्षांच्या वादात न पडता आपण सरळ हलका लखोटा घेतला आणि मजकूर कायद्याने बांधला, हे मला शहाणपणाचे वाटते.

तरी भाषांतर संपलेले नाही. टॅलीवर बीजक करताना मी मेट्रिक टनासाठी जीएसटीचा 'एमटीएस' निवडतो. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत, म्हणून पेपॉलमध्येही, तोच टन 'टीएनई' आहे. किलोग्रॅम आपल्याकडे 'केजीएस', तिकडे 'केजीएम'. तांबे परदेशी ग्राहकाला विकून पेपॉलवरून बीजक पाठवायचे झाल्यास मध्ये दुभाषा हवाच.

आणि लहान पुरवठादाराचे काय? ज्याला ई-बीजक लागू आहे त्याने ते नियमाप्रमाणे केले नाही, तर नियम ४८(५) नुसार ते बीजकच मानले जात नाही, आणि खरेदीदाराचा कराचा परतावा अडचणीत येतो. साहजिकच खरेदीदार अशा पुरवठादाराला टाळू लागतो. त्याच्यासाठी शासनाने एक्सेलवर चालणारे मोफत साधन ठेवले आहे, ही चांगली गोष्ट. पाच कोटींच्या आतल्याला सक्ती नाही. तो खाणीला नटबोल्ट किंवा पट्टे पुरवतो तेव्हा कागदी बीजक देतो, आणि त्यावरचे आकडे खरेदीदाराच्या कचेरीत कोणी तरी अजून हातानेच संगणकात भरतो.