हरिहरेश्वरचा कडा कसा वाचावा?

रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनच्या दक्षिणेला, सावित्री नदीच्या मुखाजवळ हरिहरेश्वर हे गाव आहे. देवळामागून प्रदक्षिणेची वाट निघते. थोडे चढून गेल्यावर ती दोन उभ्या खडकांमधल्या अरुंद पायऱ्यांनी एकदम खाली उतरते आणि समोर उघडा समुद्र दिसतो. एका बाजूला काळाकभिन्न कडा, दुसऱ्या बाजूला फुटणाऱ्या लाटा आणि मध्ये, तुमच्या पायाखाली, जवळजवळ सपाट कातळ.

येथे क्षणभर थांबा आणि स्वतःला एक प्रश्न विचारा. कडा आणि पायाखालचा कातळ, दोन्ही एकाच जातीच्या खडकाचे आहेत. मग एक उभा आणि दुसरा आडवा का?

खडक कोठून आला?

हा खडक बेसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस पुन्हा पुन्हा बाहेर पडला आणि त्याचे थरावर थर साचत गेले. सह्याद्री याच थरांचा बनलेला आहे. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्याआडव्या भेगा पडतात. या भेगांना सांधे म्हणतात. बेसाल्ट अतिशय कठीण असला तरी सांधे हे त्याचे दुबळे अंग होय. समुद्र नेमका तेथेच घाव घालतो.

लाटा काय करतात?

एक घनमीटर समुद्राच्या पाण्याचे वस्तुमान सुमारे १०२५ किलोग्रॅम, म्हणजे एका टनाहून थोडे अधिक असते. असे कित्येक टन पाणी प्रत्येक लाटेबरोबर कड्यावर आदळते. लाटेची उंची दुप्पट झाली, तर तिची ऊर्जा चौपट होते. म्हणून पावसाळ्यातील चार महिन्यांत कड्याची जेवढी झीज होते, तेवढी उरलेल्या आठ शांत महिन्यांत होत नाही.

लाटेचे काम तीन प्रकारे चालते. लाट आदळली की सांध्यातील हवा कोंडली जाऊन दाबली जाते. पाणी मागे हटताच ती जोराने प्रसरण पावते. हा आतून बसणारा धक्का सांधा रुंद करतो. दुसरे, लाटांबरोबर आलेले दगडगोटे खडकावर आपटतात आणि घासतात. एखाद्या खोलगट जागी गोटे अडकून गरगर फिरू लागले, की तेथे रांजणाच्या आकाराचा खड्डा तयार होतो. अशा खड्ड्यांना रांजणखळगे म्हणतात. तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे. लाटांचा मारा कड्याच्या पायथ्याशी बसतो, माथ्याशी नाही. त्यामुळे पायथ्याला आडवी खाच पडते. खाच खोल होत गेली, की वरचा खडक निराधार होऊन सांध्याच्या रेषेवर तुटतो आणि कोसळतो. पडलेल्या दगडांचा चुरा लाटा वाहून नेतात आणि नव्या पायथ्याला पुन्हा खाच पाडू लागतात.

आता आपल्या प्रश्नाचे उत्तर सापडले. प्रत्येक पडझडीबरोबर कडा थोडा मागे सरतो आणि लाटांच्या माऱ्याच्या पातळीवर त्याचा तळ तेवढा शिल्लक राहतो. हाच तरंगघर्षित मंच. म्हणजे तुम्ही ज्या कातळावर उभे आहात, तेथे एके काळी कडा होता! मंचाची रुंदी म्हणजे कड्याने माघार घेतलेल्या अंतराची मोजपट्टीच होय. गंमत अशी, की मंच जसा रुंद होतो, तशा लाटा त्याच्या उथळ पाण्यात आधीच फुटतात आणि कड्यापर्यंत कमी जोराने पोचतात. समुद्र आपल्याच कामाने आपला घाव बोथट करून घेतो.

कड्याचा भाग समुद्रात घुसलेला आहे आणि शेजारी मात्र वाळूचे किनारे आहेत, हेही लक्षात घ्या. उथळ पाण्यात लाटेचा वेग कमी होतो. त्यामुळे लाट वळते, जसा प्रकाशकिरण पाण्यात शिरताना वळतो. या वक्रीभवनामुळे लाटांची ऊर्जा भूशिरावर एकवटते आणि शेजारच्या वळणात पसरून जाते. भूशिर झिजते, वळणात वाळू साचते.

कड्यावरची जाळी

कड्यावर कित्येक ठिकाणी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सुंदर जाळी दिसते. ही लाटांच्या घावांची नव्हे, मिठाची करामत. तुषारांचे खारे पाणी खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरते. उन्हाने पाणी उडून जाते आणि मिठाचे स्फटिक वाढू लागतात. ते खडकाचे कण ढकलून सुटे करतात. एकदा लहान खळगा पडला, की त्यात ओल आणि सावली जास्त वेळ टिकते, मीठ साचते आणि खळगा खोल होत जातो. मधल्या भिंती तेवढ्या उरतात.

हे सारे किती वेळात घडते?

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. बर्फ वितळल्यावर ती चढत आली आणि सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ पोचली. तेव्हापासून समुद्र या पायथ्याशी काम करीत आहे. एका माणसाच्या आयुष्यात कडा हललेला दिसत नाही, म्हणून आपण तो स्थिर समजतो. पण झीज संथ असली तरी पडझड संथ नसते. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, व्हिक्टोरिया राज्यात, चुनखडकाच्या कड्यातून समुद्राने कोरलेली दुहेरी कमान होती. तिला ‘लंडन ब्रिज’ म्हणत. १५ जानेवारी १९९० रोजी तिचा जमिनीला जोडलेला भाग अचानक कोसळला. पलीकडे गेलेले दोन पर्यटक समुद्रातील खडकावर अडकले. त्यांना हेलिकॉप्टरने सोडवावे लागले. बेसाल्ट चुनखडकापेक्षा टणक असला, तरी नियम तोच आहे. म्हणून खाच पडलेल्या कड्याखाली बसू नये आणि कड्याच्या अगदी कडेला उभे राहू नये.

उतरण्यापूर्वी गणित करा

मंच पाहायचा तर ओहोटीच हवी. भरतीला तो पाण्याखाली जातो आणि वाट बंद होते. भरतीची वेळ काढण्याची एक जुनी युक्ती कोकणात प्रसिद्ध आहे : तिथीला पाऊणने गुणा. तृतीया असेल तर ३ × ३/४ = २१/४, म्हणजे सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी, म्हणजे साडेआठच्या सुमारास, पूर्ण ओहोटी.

अहो, पण ३ × ३/४ म्हणजे ९/४, हे तुमच्या लक्षात आले का? वर मुद्दामच चूक केली होती. उत्तर सव्वादोन हेच बरोबर. समुद्राकाठी गणित नेहमी दोनदा तपासावे!

ही युक्ती का चालते? पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तासांनी पुढे जाते. म्हणजे दर तिथीला १२ ÷ १५ = ०.८ तास किंवा ४८ मिनिटे. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. दर तिथीला तीन मिनिटांची चूक पंधरवड्याच्या अखेरीस पाऊण तासावर जाते. म्हणून हा अंदाज समजा. छापील कोष्टक पाहा आणि गावातील कोळीबांधवांना विचारा.

आणखी एक गोष्ट. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांतील पहिल्या तासात एकूण चढाच्या फक्त बाराव्या हिश्शाइतके पाणी वाढते, पण मधल्या दोन तासांत निम्मा चढ पुरा होतो. “पाणी अजून लांब आहे” असे म्हणत रेंगाळणारे नेमके येथे फसतात. म्हणून पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी उतरावे आणि ओहोटी पूर्ण होताच परत फिरावे. समुद्राकडे पाठ करू नये. वारा नसतानाही दूरच्या वादळाने उठलेली मोठी लाट येऊ शकते. पावसाळ्यात तर खाली उतरूच नये.

करून पाहा

मऊ विटेचा एक तुकडा मिठाच्या दाट द्रावणात रात्रभर भिजवा. दिवसभर उन्हात वाळवा. असे दोन-तीन आठवडे करा. दुसरा तुकडा साध्या पाण्यात भिजवून तसाच वाळवत जा. कोणत्या तुकड्याची भुकटी अधिक पडते, ते तोलून पाहा व वहीत नोंदवा. मग हरिहरेश्वरच्या कड्यावरील जाळी तुम्हाला परकी वाटणार नाही.